छायाबाबांचा आपोआप उघडणारा कॅमेरा

हे लिहायचंच नाही असं स्टुडिओवाल्याने जवळजवळ ठरवलं होतं. कारण पहिल्या दिवशी छायाबाबांपुढे हात जोडून उभं राहिलेल्यांत तोही होता. दिवसाला चाळीस पासपोर्ट फोटो काढणारा माणूस, आणि कॅमेऱ्यानेच त्याला मामा बनवलं!

हॉल गच्च भरलेला. भर दुपारी पडदे ओढलेले, कोपऱ्यात मिणमिणता दिवा. मधे स्टँडवर कॅमेरा, समोर खुर्ची. कॅमेऱ्यापासून लांब उभे छायाबाबा, दोन्ही हात शालीत.

"कुणी कॅमेऱ्याला शिवायचं नाही! गेलेला माणूस आला की तो आपोआप उघडतो. डोळे मिटा, नाहीतर आत्मा बिचकेल!"

खुर्चीत शिंप्याची आई बसली. खट्ट! बराच वेळ शांतता. पुन्हा खट्ट. टीव्हीच्या पडद्यावर फोटो आला: आई ठळक, आणि मागे कोटातला, पुसट चेहऱ्याचा, आरपार दिसणारा माणूस.

"अहो, आलात!" आई हमसून रडली.

"म्हणतायत, त्या सुया बंद कर," बाबांनी निरोप दिला. आईने इन्शुलिन सोडलं.

चौथ्या दिवशी शिंपी तो फोटो घेऊन स्टुडिओत आला. "तिला उठवत नाही रे. डॉक्टर ओरडले तर म्हणते, ह्यांच्यापेक्षा तो शहाणा का?"

स्टुडिओवाल्याने फोटो डोळ्यांजवळ धरला. आत्म्याच्या छातीतून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, आणि त्याचा सेकंदकाटा पंख्यासारखा बारापासून चारपर्यंत पसरलेला.

"गाढव आहे मी! अरे, हा वीस सेकंदांचा फोटो आहे. तेवढा वेळ कॅमेरा उघडा. तुझी आई पूर्ण वेळ बसली, ती ठळक आली. कुणीतरी सात-आठ सेकंद मागे उभा राहून सटकला, तो अर्धामुर्धा आला."

"पण बटण कुणी दाबलं?"

"बाबा शालीत हात घालून काय आरती करत होते?"

दुसऱ्या दिवशी दोघं आईला धरून घेऊन गेले. बाबांच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, लांबून बटण दाबायचा रिमोट स्टुडिओवाल्याच्या मुठीत होता. बाबा खुर्चीत कुणालातरी बसवत होते, तेवढ्यात याने बटण दाबलं. खट्ट!

बाबा दचकले, सात-आठ सेकंद कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि मग बाजूला झाले. वीस सेकंदांनी पडद्यावर फोटो: खुर्चीशेजारी खुद्द बाबा, आरपार! आणि दारात कोटाची एकच बाही चढवलेला चेला, जागीच थिजल्यामुळे अगदी ठळक.

"बाबा, तुम्ही कधी वारलात?" मागून किराणावाला ओरडला.

स्टुडिओवाल्याने मूठ उघडली. "हा रिमोट. कुणीही दाबा, आत्मा हजर! आता बाबांचे हात बघा."

शाल ओढली, तर तसाच रिमोट.

"हे... हे जपाचं यंत्र आहे!"

हॉल खो-खो हसला. शिंप्याची आई तेवढी हसली नाही.

लोकहो, फार शिक्षण लागत नाही. डोळे मिटा म्हटलं की उघडे ठेवा. हात झाकले की का झाकले ते विचारा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा.

संध्याकाळी आईने सुई घेतली, पण मुलाशी बोलली नाही.

"माझ्यामुळे वडील दुसऱ्यांदा गेले असं वाटतंय तिला," शिंपी म्हणाला. "घरात त्यांचा एक धड फोटो नाही रे. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला उभे आहेत, तेवढेच."

"तो आण. मी मोठा करून देतो. चेहरा पुसट येईल, पण पुसटच देईन. नाक-डोळे माझ्या मनाने घालणार नाही, शब्द देतो."