चेहरा दिसणार नाही

चिंगीचा मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक असतो, आणि मामा तो इतक्या तत्परतेने दाबायचा की शिकाऊ मंडळींनी त्याचं नाव ‘ब्रेकमामा’ पाडलं होतं. त्याच्या तोंडावर मात्र तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती. मामा गाडीत हसत नसे की गप्पा मारत नसे. आरशात न बघता वळणाऱ्याला तो गाडी कडेला घ्यायला लावायचा आणि काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसायचा. ओरडा परवडला, पण ते गप्प बसणं नको, असं सगळे म्हणत. त्याने लग्न केलं नव्हतं. चिंगीचे बाबा नोकरीसाठी लांबच्या शहरात असायचे, म्हणून तो बहिणीकडेच राहायचा. घरातही त्याचं बोलणं मोजकंच.

चिंगी कॉलेजात मीडियाचा अभ्यास करत होती. त्या सत्रात प्रत्येक जोडीने एक म्युझिक व्हिडिओ बनवायचा होता. पण कॅमेरा हातात मिळण्याआधी संशोधन सादर करायचं होतं: म्युझिक व्हिडिओच्या शैली कोणत्या, त्या कोण बघतं आणि का बघतं. चिंगीच्या जोडीला लंबू होता. त्याने शैलींचा भाग उचलला. गायक नुसता गातोय असे, गोष्ट सांगणारे आणि निव्वळ नाचाचे, अशा तीन टोपल्यांत त्याने सगळं जग भरून टाकलं आणि हात झटकले. प्रेक्षक चिंगीच्या वाट्याला आले.

तिने आधी सरळ प्रश्न विचारून बघितले. तेव्हा तिला कळलं, की विचारलं की माणसं फार सुसंस्कृत होतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मी बाई फक्त अर्थपूर्ण गाणी बघते.” त्याच काकूंच्या घरून रोज दुपारी जे धडधडधड ऐकू यायचं, त्यात अर्थ सोडून सगळं होतं. मग चिंगीला सुचलं, की विचारायचंच नाही. व्हिडिओ लावून द्यायचा आणि बघणाऱ्याचा चेहरा टिपायचा. पण कॅमेरा समोर आला की लोक ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होत. वर्गातल्या मुली तर केस सारखे करण्यातच गाणं संपवायच्या.

उरला मामा.

“माझा चेहरा कशाला?” मामाने विचारलं.

“चेहरा नाही रे मामा, नजर कुठे जाते ते बघायचंय. चेहरा मी धूसर करणार आहे, दिसणारच नाही. आणि वर्गाबाहेर कोणी बघणारही नाही.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय! माझ्यावर विश्वास नाही?”

मामा जेवणाच्या टेबलाशी बसला. तिने लॅपटॉपला टेकवून फोन उभा केला, त्याच्या कानांना इअरफोन लावून दिले आणि आपण असलो तर तो अवघडेल म्हणून आईकडे स्वयंपाकघरात निघून गेली. तीन व्हिडिओ संपल्यावर मामानेच हाक मारली, “झालं गं तुझं.” आणि तो चपला घालून खाली गेला.

तिने खोलीत जाऊन ते रेकॉर्डिंग बघितलं. पहिल्या व्हिडिओत एका गच्चीवर पोरांचा बँड वाजवत होता. मामाने जांभई दिली. दुसऱ्यात दोन मित्रांच्या ताटातुटीची गोष्ट होती. मामाने कान खाजवला. तिसरा जुना होता. पाणी काढून टाकलेल्या तरणतलावात पिवळ्या झग्यातली एक बाई छत्री घेऊन नाचते, एवढंच त्यात होतं. पहिल्या ओळीला मामाची भुवई उचलली गेली. मग त्याचे ओठ हलायला लागले. एकही शब्द चुकला नाही. कडव्याला त्याने मान वेळावली, खांद्यावरून मागे बघितलं, हनुवटीखाली बोट ठेवलं आणि डोळे मिटून असा हसला, की त्याच्या हातात छत्री आहे असंच वाटावं. फक्त खांद्यापासून वर तो पूर्ण नाचला.

चिंगीला आधी हसू फुटलं. ते ओसरल्यावर तिने पुन्हा लावून बघितलं आणि तिला वाटलं, किती सुंदर आहे हे. तिने कबूल केल्याप्रमाणे चेहरा धूसर केला.

सादरीकरणाच्या आधी सरांनी सगळ्यांची कच्ची कामं बघितली. चिंगीचं बघून ते म्हणाले, “तक्ते छान आहेत. पण प्रेक्षक कुठे आहे यात? मला माणूस दिसत नाही.”

बाहेर आल्यावर लंबू म्हणाला, “मामाचा ब्लर काढ. एवढी एकच तर जिवंत गोष्ट आहे आपल्याकडे.”

“शब्द दिलाय मी त्याला.”

“तुझा मामा कॉलेजात येणार आहे का बघायला?”

ती दिवसभर ‘नाही’ म्हणत राहिली. संध्याकाळी तिने ब्लर काढला. लंबूने तिचा हात धरून काढायला लावला नव्हता, हे तिला नंतर फार आठवत राहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी आधीच्या जोड्यांनी वर्गाला पुरतं झोपवलं होतं. चिंगीचे तक्ते सुरू झाले तेव्हा मागच्या बाकांवर फोन चालू होते. मग पडद्यावर मामा आला. त्याची भुवई उचलली गेली आणि कोणीतरी खुदकन हसलं. त्याने मान वेळावली तेव्हा सगळा वर्ग उसळला. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. एवढा मोठा हशा चिंगीने आयुष्यात कधी मिळवला नव्हता. तिच्या अंगावर काटा आला, गोड काटा.

“वन्स मोअर!” मागून कोणीतरी ओरडलं.

तिने पुन्हा लावलं. नुसतं लावलं नाही, वर म्हणाली, “हा माझा मामा. ड्रायव्हिंग शिकवतो. याच्या गाडीत हसायला बंदी आहे.”

हे वाक्य तिने तयार करून आणलेलं नव्हतं. ते आपसूक आलं आणि वर्ग हसता हसता आडवा झाला.

वर्गात कोणीतरी पडद्यावरून ते फोनमध्ये घेतलं, त्याला दुसरंच एक थिल्लर गाणं जोडलं आणि पाठवून दिलं. चिंगीला ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, फोन वर धरलेले तिने बघितले होते आणि तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मामा डबा विसरून गेला, म्हणून आईने तिला ड्रायव्हिंग स्कूलला पिटाळलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर शिकाऊ मुलं-मुली आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. त्यातल्या एकाने फोन मधे धरला होता. दुसऱ्याने मान वेळावली, हनुवटीखाली बोट ठेवलं, आणि बाक हसण्याने हादरला. आत काउंटरवरच्या बाई ओठ दाबून कागद चाळत होत्या. मामा अंगणात गाडीशी उभा राहून आरसा पुसत होता. आरसा स्वच्छ होता. त्याची बाकाकडे पाठ होती, पण आरशात बाक दिसत असणार. त्यात त्याला चिंगीही दिसली.

तिने ‘मामा’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हटलं असतं तर बाकावरच्यांना कळलं असतं, की ही त्याची भाची. आणि आपण हाक मारली नाही ती त्या भीतीने, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली.

मामा मागे वळला. “टेबलावर ठेव डबा,” तो म्हणाला. मग बाकावरच्या एका मुलीकडे बघून म्हणाला, “चला, तुमची पाळी.” ती मुलगी ओढणीत हसू लपवत गाडीत बसली. मामा तिच्या शेजारी बसला आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, जेवला. आई वाढत होती. चिंगी ताटातला भात चिवडत होती. हात धुऊन आल्यावर मामा तिच्यासमोर बसला.

“चेहरा दिसणार नाही म्हणाली होतीस.”

“हो.”

“मग?”

तिने सरांचं सांगायला सुरुवात केली, मग लंबूचं. मध्येच ते तिला स्वतःलाच ऐकवेना. ती थांबली. “चांगलं होतं म्हणून दाखवलं,” ती म्हणाली.

“चांगलं होतं म्हणून हसले?”

मामाने आणखी थोडा वेळ वाट बघितली, जशी तो गाडीत बघत असेल, आणि उठून आपल्या खोलीत गेला.

आई हे सगळं उभ्याने ऐकत होती. तिने चिंगीकडून फोन मागून घेतला आणि ती क्लिप बघितली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली.

“लहानपणी आम्ही दोघं आरशासमोर नाचायचो,” आई म्हणाली. “माझ्यापेक्षा तोच छान नाचायचा. एकदा घरी पाहुणे आले होते. तुझ्या आजोबांनी सगळ्यांसमोर त्याची नक्कल करून दाखवली. मारलं नाही, रागावले नाहीत, नुसती नक्कल केली. पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली. मीही हसले. तेव्हापासून घरी कोणी आलं की तो बाहेर निघून जायचा.”

“मला माहीत नव्हतं, आई.”

“नव्हतंच माहीत. पण त्याने ‘नक्की?’ असं विचारलं होतं ना तुला? तेवढं पुरेसं होतं.”

दुसऱ्या दिवशी चिंगी सरांना भेटली. त्यांनी तिच्या प्रेक्षकांच्या भागाला वर्गात सर्वात जास्त गुण दिले होते. ती म्हणाली, “सर, तो भाग रद्द करा. परवानगी एका गोष्टीची घेतली होती आणि दाखवलं दुसरंच.”

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. “मी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “विचारलं नाही, कारण मीही हसत होतो.” त्यांनी गुण काढून घेतले आणि भाग पुन्हा करायला सांगितलं.

वर्गासमोर उभं राहून तिने सांगितलं, की तिने मामाला फसवलं होतं, आणि ज्यांच्याकडे ती क्लिप आहे त्यांनी ती काढून टाकावी. काहींनी माना खाली घातल्या, काहींनी तिच्यासमोर फोन उघडून क्लिप पुसली. एकीने विचारलं, “एवढं काय त्यात? भारी नाचतो की तुझा मामा!” लंबू फुरंगटला, कारण गुण त्याचेही गेले होते. पण कोणाकोणाकडून ती क्लिप कुठे कुठे गेली होती, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. आई म्हणते तेच खरं: थेंबाने गेली ती हौदाने येत नाही.

तिने मामाच्या खोलीचं दार वाजवलं. “माफ कर, मामा. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येऊन सगळ्यांना सांगू का? चूक माझी होती म्हणून?”

मामा शर्टाला इस्त्री करत होता. “नको,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा दाखवल्यासारखं होईल.”

“मग मी काय करू?”

“काही नको करूस.”

ही शिक्षा तिला सर्वात जड गेली. माफी मागितली होती, पण ती ठेवायला जागाच नव्हती. मामा तिच्याशी अबोला धरून बसला नाही. मीठ मागायचा, कॉलेजला उशीर होतोय म्हणायचा. फक्त टीव्हीवर गाणं लागलं आणि ती दिवाणखान्यात आली, की तो रिमोट उचलून बातम्या लावायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

प्रेक्षकांचा भाग तिने नव्याने केला. या वेळी कोणाचा चेहरा घेतला नाही. त्या दिवशी वर्गात कोण हसलं, कशाला हसलं आणि हसताना त्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं का, हे तिने एकेकाला विचारलं, आणि स्वतःची उत्तरंही त्यात घातली. बहुतेकांनी शेजाऱ्याकडे बघितलं होतं. ते वाचताना वर्गात कोणी हसलं नाही, आणि गुण बेताचेच मिळाले.

ड्रायव्हिंग स्कूलमध्येही हळूहळू ते विरलं. शिकाऊ बदलले, नवे आले, त्यांना दुसऱ्या कोणावर तरी हसायला मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी एकदा मामाला विचारलं म्हणे, “ते गाणं कोणतं होतं हो?” मामाने सांगितलं की नाही, हे आईलाही कळलं नाही.

परीक्षा संपल्यावर एका संध्याकाळी चिंगी लवकर घरी आली. जिन्यातच तिला गाण्याचा आवाज ऐकू आला. दारामागे आवाज मोठा होता. त्यात आईचं हसणं होतं आणि फरशीवर अनवाणी पावलांची ठेक्यात थपथप होती. एकट्या आईची नव्हे, दोघांची. “अगं, उजवीकडून वळ!” मामा म्हणत होता. “उजवीकडून! आरशात बघ ना!” आणि मग तोही हसला. मामाचा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

तिने पर्समधून किल्ली काढली होती. ती तिने पुन्हा आत टाकली. पायरीवर बसली. वरच्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरताना तिला बघून थांबले, तिने त्यांना जायला वाट करून दिली. गाणं संपलं. मग आणखी एक लागलं, तेही संपलं. टीव्हीचा आवाज कमी झाल्यावर ती उठली, कपडे झटकले आणि बेल वाजवली.

दार मामाने उघडलं. त्याचं कपाळ घामाने ओलं होतं, चेहरा नेहमीचा.

“किल्ली विसरलीस?”

“हो,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि आत यायला बाजूला सरला.