बुधवारचा प्रार्थनाविषय

बाबांची स्मरणसभा चार वाजता होती. तीन वाजता थोरली मुलगी चर्चमागच्या खोलीत खुर्च्या पुसत होती. तिच्या पर्समध्ये हाताने लिहिलेलं एक पान होतं. पाच मिनिटांचं. घड्याळ लावून तिने ते तीनदा वाचून पाहिलं होतं.

"पाच म्हणजे पाच हं, ताई," धाकटा भाऊ सकाळीच म्हणाला होता. "बाबांसारखं 'आता शेवटचा मुद्दा' चार वेळा नको."

पानावर बाबांचं आयुष्य होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांनी काचा घासल्या. रोज दुपारी दोन गल्ल्या चालत घरी येऊन जेवले, कारण आईला एकटीला घास उतरत नाही, असं त्यांनी लग्नानंतर महिन्याभरातच ठरवून टाकलं होतं. बावीस वर्षं ते चर्चचे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक होते. रविवारी उपासना संपली की शर्टाच्या खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी उभे राहायचे आणि ज्याचा चष्मा ढिला असेल त्याला तसा घरी जाऊ द्यायचे नाहीत.

शेवटचं वाक्य असं होतं: 'बाबांना सांगितलेली गोष्ट बाबांच्या पोटातच राहायची.' बाकीचं पान तिने या वाक्यासाठी लिहिलं होतं.

बारा वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांची असताना, तिची झोप उडाली, मग बोलणं बंद झालं. सव्वीस दिवस ती मनोरुग्णांच्या वॉर्डात होती. घरात ते फक्त आईबाबांना ठाऊक होतं. धाकटा तेव्हा वसतिगृहात शिकत होता. त्याला आणि बाकी सगळ्यांना, ती प्रशिक्षणाला गेली आहे, असं सांगितलं. बाबा रोज चार ते सहा तिच्या पलंगाशी बसायचे. घरी सोडलं त्या दिवशी फाटकापाशी ती एवढंच म्हणाली, "बाबा, कुणाला कळलं तर मी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"देवाशिवाय कुणाला सांगणार नाही," बाबा म्हणाले होते.

त्या शब्दावर ती पुन्हा माणसांत मिसळली. शाळेत नोकरीला लागली. दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसू लागली.

ऑर्गनवाल्या काकू कपांचा ट्रे घेऊन आत आल्या. तीस वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या, आणि गाणाऱ्यांपेक्षा नेहमी अर्धी ओळ पुढे असायच्या.

"तू बोलणार म्हणे आज."

"हो, काकू. पाचच मिनिटं."

"बोल गं, बिनधास्त बोल. पाण्याचा ग्लास ठेवते जवळ." काकूंनी कप उपडे केले. "आज त्यांना किती बरं वाटलं असतं. दर बुधवारच्या प्रार्थनासभेत तुझं नाव घ्यायचे. एक बुधवार चुकला नाही."

"माझं नाव?"

"मग काय माझं? इस्पितळातून आलीस तेव्हापासून. तिला झोप लागू दे, गोळ्या सुटू देत, जिवाचं बरंवाईट करायचा विचार पुन्हा मनात न येवो. आम्ही आमेन म्हणायचो. गोळ्या सुटल्या त्या बुधवारी तर रडले बिचारे. माझाच रुमाल दिला त्यांना. परत नाही केला, ते सोड."

थोरली पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसत होती.

"आम्ही म्हणजे कोण, काकू?"

"नेहमीचेच. दहा-अकरा जण. पण बाहेर कुणी ब्र काढला नाही हं. तेवढं मात्र मानलं पाहिजे."

दर रविवारी दोन-तीन जणी हात हातात घेऊन "झोप होते ना गं नीट?" असं विचारायच्या. त्या सगळ्यांनाच विचारतात, असं ती समजत आली होती.

"काकू, रविवारच्या वर्गावर शिकवायला मी तीनदा नाव दिलं होतं."

"आठवतंय की."

"बाबा म्हणाले, जागा भरल्यात."

काकूंचा हात कपावर थांबला. "अगं, त्यांनीच सांगितलं होतं, तिला नको म्हणून. लहान पोरांची जबाबदारी, तिच्या डोक्याला ताण नको. काळजीपोटीच गं."

सोमवार ते शुक्रवार ती चाळीस मुलांना गणित शिकवत होती. फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून ती बाहेर गेली.

आई पहिल्या बाकावर बसली होती. हातात बाबांचा चष्मा होता आणि पदराने ती त्याच्या काचा पुसत होती.

"आई, बुधवारी तूही असायचीस?"

"त्यांच्या शेजारीच."

"माझा विषय निघायचा तेव्हाही?"

आईने मान वर केली नाही. "निघायचा."

"मग थांबवलं का नाहीस?"

"काय म्हणून थांबवू? त्यांनी माणसाला नाही सांगितलं. देवाला सांगितलं."

"मोठ्यानं."

"प्रार्थना मोठ्यानंच करतात. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे."

आई हे अगदी मनापासून म्हणाली. बाबांनीही हेच उत्तर दिलं असतं, याच आवाजात. 

"आज काही काढू नकोस," आई म्हणाली. "जीव टाकायचे तुझ्यावर."

"माहीत आहे."

तिला खरंच माहीत होतं. सव्वीस दिवसांत चार ते सहाची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी पाळकांनी तिला बोलावलं. समोर साठेक माणसं होती. निम्म्यांच्या डोळ्यांवर बाबांनी घासलेल्या काचा होत्या. तिने पान उलगडलं आणि लिहिल्याबरहुकूम वाचलं. एकतीस वर्षं. दोन गल्ल्या. स्क्रूड्रायव्हरपाशी लोक हसले, एकाने आपला चष्मा चाचपला. मग शेवटचं वाक्य आलं. ते न वाचताच तिने पानाची घडी घातली.

"बाबांनी मला एक शब्द दिला होता," ती म्हणाली. "माझी एक गोष्ट ते देवाशिवाय कुणाला सांगणार नव्हते. ती गोष्ट काय, हे बुधवारच्या मंडळींना माहीत आहे. मला हे आज दुपारी तीन वाजता कळलं."

पाण्याच्या ग्लासला हात न लावता ती खाली उतरली आणि आई आणि भावाच्या मध्ये बसली. पुढच्या दोन रांगांतल्या काही माना खाली गेल्या. काकू ऑर्गनच्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. आईने चष्मा पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

पाळकांनी घसा साफ केला. "आपण प्रार्थना करू या. या कुटुंबासाठी आणि विशेषतः आपल्या या बहिणीसाठी."

सगळ्यांनी डोळे मिटले. धाकट्याने नाही मिटले. बुधवारी तो कधीच येत नसे.

"कुठली गोष्ट, ताई?" तो कुजबुजला.

पाळकांची प्रार्थना चालू होती. ती भावाकडे वळली. तिने आवाज खाली आणला नाही.

"तू वसतिगृहात होतास तेव्हाची," ती म्हणाली. "सव्वीस दिवस. ते प्रशिक्षण नव्हतं."