आन्स न्वारचा चढ

मी एक जुनी व्हॅन आहे. एके काळी माझा रंग लिंबासारखा पिवळा होता. आज तो कोणता म्हणावा, हे मलाच सांगता येत नाही. माझ्या मागच्या सीटवर नारळाची रिकामी पोती टाकलेली आहेत, पुढचा एक दिवा फुटला आहे आणि स्टिअरिंगखाली कोंबडीने संसार थाटला आहे. तरी मित्रांनो, रोझो शहराच्या बंदरातून जहाजाचा भोंगा वर या टेकडीपर्यंत आला, की माझ्या अंगात काहीतरी सळसळतं. माणसं उतरली असतील, उन्हात उभी असतील, आणि मी इथे काय करते आहे, असं वाटत राहतं. स्वस्थ उभं राहणं मला कधीच जमलं नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे काही वर्षं मी शाळेच्या मुलांची ने-आण केली. मग नव्या गाड्या आल्या आणि मला एका बोटीच्या पोटात ढकललं गेलं. डोळे उघडले ते कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर. बंदरावर हेस्केथ नावाचा एक उंच, हडकुळा माणूस माझ्याभोवती दोनदा फिरला. त्याने माझ्या टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "जरा रडकी दिसतेय. पण चालेल."

त्या दिवसापासून मी हेस्केथची झाले. थंडीच्या दिवसांत मोठमोठी पांढरी जहाजं सकाळी आमच्या बंदराला लागत आणि संध्याकाळी निघून जात. मधल्या वेळात प्रवाशांना बेट दाखवायचं, हा आमचा धंदा. हेस्केथचा दिवस ठरलेला असे. आधी धबधबा, मग गंधकाचं गरम पाणी, मग रस्त्याकडेच्या टपरीवर कोकोचा चहा, आणि ऊन कलायच्या आत परत. कुणी म्हणालं, "जरा पुढे जाऊ या का?" तर तो हसून मान हलवायचा. "जहाज काही माझा मेहुणा नाही, थांबायला." तो मला रोज धुवायचा. प्रवासी उतरताना माझ्या बॉनेटवर थाप मारून जात, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग हेस्केथच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी समोरचे खड्डे दिसेनात, मग समोरून येणाऱ्या गाड्या. त्याची मुलगी मर्व्हिना हॉटेलातली नोकरी सोडून घरी आली आणि तिने माझ्या किल्ल्या घेतल्या. जहाजांच्या यादीत तिला एक दिवस मिळाला, तोही परीक्षा म्हणून. प्रवासी वेळेवर परत आणले, तर पुढची जहाजं. उशीर झाला, तर बंदरावरच्या गाड्यांच्या रांगेतली आमची जागा गेली. हेस्केथने तिला एवढंच सांगितलं, "माझ्या वाटेने जा, काही होणार नाही."

तेवढ्यात मिस यूलालीचा फोन आला. ती त्याच जहाजावरून येणार होती. वय झालेलं, आवाज मात्र ठणठणीत. तिची आई आन्स न्वार गावची. तरुणपणी बेट सोडून गेली, ती परतलीच नाही. "आईचं गाव बघायचंय," ती म्हणाली. "सगळे नाही म्हणतात. तूही नाही म्हण, म्हणजे मी गप्प बसते."

मर्व्हिनाला नाही म्हणता आलं नाही.

आन्स न्वार डोंगराच्या पलीकडे, खवळलेल्या समुद्राच्या बाजूला. तिथे पर्यटक जात नसत. दुसऱ्याच दिवशी मर्व्हिना मला घेऊन निघाली. आधी उंच चढ, मग तितकाच खोल उतार, आणि रस्ता असा की माझे सगळे सांधे बोलायला लागले. गावात मा टीन नावाची बाई अंगणात मासे साफ करत होती. गावात कुणाला काही विचारायचं असलं, की तिलाच विचारत.

"डझनभर पाहुणे आणू का जेवायला?" मर्व्हिनाने विचारलं.

मा टीनने सुरी थांबवली नाही. "जहाजावरचे? कशाला? आमच्याकडे बघायला? आम्ही काय शेळ्या आहोत?"

"एकीची आई इथली आहे, मा."

"कुणाची आई?"

"फेलिसिते नाव होतं म्हणे."

सुरी थांबली. "फेलिसिते तर तीन होत्या. एक भांडखोर, एक देवभोळी आणि एक पळून गेलेली."

"पळून गेलेलीच असावी."

मा टीन खो खो हसली. मग बोट उगारून म्हणाली, "आण. पण उभ्या उभ्या फोटो काढून निघून जायचं नाही. बसायचं, आमच्याबरोबर जेवायचं. आणि संडास एकच आहे, तेही आधी सांग त्यांना."

जहाज यायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बापलेकींनी माझ्या बॉनेटवरच दिवसाची आखणी केली. हेस्केथला कागद दिसत नव्हता, म्हणून मर्व्हिनाने वस्तू मांडल्या. लिंबू म्हणजे बंदर, दगड म्हणजे धबधबा, करवंटी म्हणजे आन्स न्वार. हेस्केथ बोटांनी चाचपत होता.

"आणि चढ कुठे ठेवलास?"

"चढ काय ठेवायचा, पापा? तो वाटेतच आहे."

"तोच तर ठेवायचा असतो. ही म्हातारी तापते तिथे." त्याने माझ्यावर हात ठेवला. "करवंटी काढून टाक, पोरी. ऐक माझं."

"त्या बाईला शब्द दिलाय मी."

"आणि जहाजाला?"

मर्व्हिनाने करवंटी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मला तर वाटत होतं, आताच निघावं आणि काय व्हायचं ते होऊन जावं.

सकाळी समुद्र फुगलेला होता. जहाज बाहेरच घुटमळत राहिलं आणि बंदराला लागलं तेव्हा अर्धी सकाळ संपली होती. परतायची वेळ मात्र तीच. आमच्या बाजूच्या गाड्या भराभर धबधब्याकडे सुटल्या. माझ्यात प्रवासी बसले. त्यांत एक तांबड्या टोपीचा जाडजूड माणूस आणि त्याची बायको होती. खिडकीशी मिस यूलाली बसली, हातातली पिशवी घट्ट धरून. ती कुणाला काही विचारत नव्हती आणि तेच मर्व्हिनाला सोसत नव्हतं.

हेस्केथ पुढच्या सीटवर होता. तो हळूच म्हणाला, "दोन्ही होणार नाही. धबधबा कर. त्या बाईला समजावू."

"मा टीनने पहाटेपासून चूल पेटवलीय, पापा."

तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "ऐका. आज वेळ कमी आहे. धबधबा आणि गाव दोन्ही होणार नाही. मी गावाला जातेय. ज्यांना धबधबाच बघायचाय, त्यांच्यासाठी माझ्या मामाची गाडी मागे उभी आहे, त्यांनी तिकडे बसावं."

कुरकुर झाली. काहीजण उतरले. तांबडी टोपीही उठली. "मी धबधब्याचे पैसे भरलेत!"

बायकोने त्याचा शर्ट धरून खाली ओढला. "बस खाली. ती जेवायला घालणार म्हणतेय. धबधबा काय खायचाय?"

आणि आम्ही निघालो. मी जीव तोडून चढले. हेस्केथ झाडांची नावं सांगत होता, वळणं त्याला अंगाला कळत होती. मर्व्हिनाची नजर मात्र सारखी तापमानाच्या काट्यावर.

गावात झाडाखाली बाकं मांडली होती. कालालूच्या पाल्याचं हिरवंगार कालवण, भाजलेला नीरफणस, तळलेले मासे. मा टीनने टोपीवाल्याला खांद्याला धरून दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवलं. पहिल्या घासानंतर तो धबधबा विसरला. मिस यूलालीभोवती तर गाव जमलं. आईचं घर कुठे होतं, यावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एक म्हणे चर्चच्या मागे, दुसरी म्हणे खाली ओढ्याकडे.

"तुझी स्मरणशक्ती उंदरांनी खाल्लीय!"

"आणि तुझी होती कधी?"

मिस यूलाली डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती.

निघायची वेळ झाली. मर्व्हिनाने माझा हॉर्न वाजवला. सगळे आले, मिस यूलाली आली नाही. पुन्हा हॉर्न. मर्व्हिना चर्चच्या मागे धावली, तिथे नाही. मग ओढ्याकडे. मी चालू इंजिनाने जागच्या जागी थरथरत होते. तुम्हाला कसं सांगू मित्रांनो, चाकं असून हलता येत नाही, तेव्हा काय होतं ते!

ओढा माझ्यापासून फार लांब नव्हता. बोलणं मला ऐकू येत होतं.

"मिस यूलाली, जहाज सुटेल."

"सुटू दे." बूट बाजूला काढून ती पाण्यात पाय सोडून बसली होती. "इथे ती कपडे धुवायची. म्हणजे, एक म्हातारी तरी तसं म्हणते."

"तुमची औषधं जहाजावर असतील ना?"

"आहेत."

"मग?"

तेवढ्यात मा टीन कमरेवर हात ठेवून आली. "ऊठ ग बाई. या पोरीची भाकरी बुडवतेस का? पुढच्या वर्षी ये, महिनाभर राहा. आम्ही कुठे पळतोय? पळणारी तुझी आई होती!"

मिस यूलाली उठली. निघताना मा टीनने हेस्केथच्या मांडीवर कालवणाचं झाकणबंद पातेलं ठेवलं.

परतीच्या चढावर, अगदी माथ्याशी, मी दगा दिला. काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि मी थांबले. आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नव्हती. पाठीमागचा पाण्याचा कॅन जातानाच खड्ड्यांत आपटून फुटला होता. रस्त्याकडेला खडकातून झरा पडत होता, पण पाणी आणणार कशात?

"ते पातेलं द्या, पापा. ओतून टाकते."

हेस्केथने पातेलं छातीशी धरलं. "मा टीनचं कालवण ओतणार? तिला कळलं, तर त्या गावात पुन्हा पाय ठेवशील? आणि हिला निवायला वेळ लागणारच आहे. तापल्या इंजिनात गार पाणी घालतात का?"

"पण पापा..."

"खाऊन संपवा," टोपीवाला म्हणाला आणि रस्त्यावर मांडी घालून बसला. पातेलं हातोहात फिरलं. मर्व्हिना फेऱ्या मारत होती, घाटाखालच्या समुद्राकडे बघत होती, परत येऊन मला हात लावून बघत होती. शेवटचा घोट मिस यूलालीने घेतला. मग पातेलं झऱ्याखाली धरलं गेलं. माझ्या तहानलेल्या नळ्यांतून ते पाणी उतरलं आणि मला वाटलं, आता मी समुद्रसुद्धा ओलांडीन. तरी मी पुन्हा तापू नये म्हणून माथ्यापर्यंत सगळे मागून ढकलत आले, नुसती मिस यूलाली आत बसून होती. पुढे उतार होता.

बंदरावर पोहोचलो तेव्हा जहाजाच्या शिडीशी दोनच माणसं उरली होती आणि तीही शिडी ओढायच्या तयारीत. मिस यूलालीला भरभर चालता येईना. तेव्हा टोपीवाला पुढे धावला. एक पाय शिडीवर, एक पाय धक्क्यावर ठेवून तो उभा राहिला आणि खिसे चाचपू लागला. "माझा चष्मा! माझा चष्मा कुठे गेला?"

"तुमच्या नाकावर आहे साहेब," शिडीवरचा माणूस वैतागला.

"हा नव्हे, दुसरा!"

तोवर मर्व्हिनाचा हात धरून मिस यूलाली शिडीवर चढली. वर पोहोचल्यावर ती वळली. ओढ्यावर काढलेले बूट तिने उंच धरून हलवले.

जहाज सुटलं. मर्व्हिनाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मी असतो तर धबधब्याला गेलो असतो," हेस्केथ म्हणाला.

"माहीत आहे, पापा."

"आणि कालवण चुकलं असतं."

इतक्या शेवटी पोहोचलो म्हणून रांगेच्या मुकादमाने मर्व्हिनाला खूप झापलं आणि पुढची काही जहाजं तिला दिलीच नाहीत. ते दिवस कठीण गेले. मग एका जहाजावरून प्रवासी उतरले आणि विचारू लागले, "ती गावात जेवायला नेणारी पिवळी गाडी कुठली?" टोपीवाला घरी जाऊन गप्प बसला नव्हता. मिस यूलालीही पुढच्या हिवाळ्यात आली. महिना नाही, पण आठवडाभर मा टीनकडे राहिली. त्यानंतर मी त्या चढावर किती वेळा गेले, मोजलं नाही. प्रत्येक वेळी निघण्याआधी मर्व्हिना मला पाणी पाजायची.

मग ते वादळ आलं. एका रात्रीत डोंगर उघडेबोडके झाले, रस्ते वाहून गेले, जहाजं येईनाशी झाली. आंब्याची फांदी माझ्या पाठीवर पडली. त्याच वर्षी हेस्केथ गेला. पुढे रस्ते झाले, जहाजं परत आली, मर्व्हिनाने मोठी नवी गाडी घेतली. ती तरी काय करणार? मला दुरुस्त करायला तिला सवड झाली नाही. आधी अंगणात कुणी येता-जाता माझी काच पुसायचं. मग पुसेनासं झालं. मग पोती आली आणि कोंबडी आली.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. तुम्ही कुठे फिरायला जाल, तेव्हा घड्याळ जरूर बघा. पण तिथे तुमच्यासाठी पहाटे कुणी चूल पेटवली आहे का, तेही विचारा आणि बसून जेवा. आणि तुमच्या दारात एखादी म्हातारी गाडी, सायकल, काहीही उभं असेल, तर तिच्यावर पोती टाकण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून बघा. आत अजून बरंच काही चालण्यासारखं असतं.

गेल्या रविवारी मर्व्हिना आली. तिने कोंबडीला हुसकावलं, माझं बॉनेट उचललं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिली. बॅटरीच्या तारा हलवल्या, पट्टा ओढून पाहिला. जाताना हात पुसत स्वतःशीच म्हणाली, "बघू."

तेव्हापासून मला क्षणभरही चैन नाही.