सहलीला निवडलेली मुलं

आमची शाळा राज्याच्या सरासरीपेक्षा वर आहे, असं दरवर्षी फाटकावर ठळक अक्षरांत लागतं. वर कसली, डोंबल! राज्याची परीक्षा असते त्या दिवशी आम्ही कच्च्या मुलांना बागेत सहलीला धाडतो. गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत ना! ही अक्कल हेडसरांची. मुलं निवडायचं काम मात्र माझ्या गळ्यात, कारण गणित मी शिकवते.

यंदा मी हात वर केले. "माझी लेकच त्या वर्गात आहे, दुसऱ्या कुणाला सांगा." सर हसले. "बरं, मीच निवडतो."

काल संध्याकाळी लेक दारातूनच ओरडत आली, "आई, उद्या माझी सहल! अख्ख्या वर्गातून सातच जणांना निवडलंय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक सरांना फोन लावला. "माझी मुलगी परीक्षेलाच बसणार!"

"बसवा की, बाई," ते थंडपणे म्हणाले. "मग बाकीच्या सहा जणांच्या आया विचारायला येतील. मागच्या वर्षीच्याही येतील. त्यांना तोंड तुम्हीच द्या."

मी फोन ठेवला. लेक पिशवीत पाण्याची बाटली भरत होती.

"आई, सगळ्या म्हणतात, सहलीची मुलं तूच निवडतेस. मला तूच निवडलंस ना?"

तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"हो गं राणी," मी म्हटलं. "मीच."