साडेचारची रिब

बसचे सुटे भाग बनवणाऱ्या कोलशेतच्या त्या कंपनीत रिपोर्टवर सही हवी असली की क्षिप्रा ‘मॅडम’ व्हायची. सही झाली की पुन्हा ‘ए क्षिप्रा’. दोन वर्षांत तिला हा भाव पाठ झाला होता. आज जेवणाच्या आधीच तिचे साहेब अनिमेष चौथ्यांदा ‘मॅडम’ म्हणाले, तेव्हा तिने ओळखलं, कामात काहीतरी काळंबेरं आहे.

“बसच्या सीटचा ब्रॅकेट, मॅडम. आधाराची रिब, ती उभी पट्टी, सहा मिलिमीटर जाडीची साडेचार करतोय आपण. चार वाजता रिपोर्ट जायला हवा. गेल्या आठवड्यात पास झालेलाच जोडा. दीड मिलिमीटरने काय होतंय?”

“तो सहाचा आहे, सर. साडेचारचं अ‍ॅनालिसिस करते, भार पेलते का बघते.”

“पाच तास खातेस तू! दीड वाजलाय.”

पाच तास लागत, हे खरं. पण क्षिप्राने दिवाळीआधीच डिझाइनचं मॉडेल आणि अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून ठेवलं होतं. तिकडे माप बदललं की इकडे तेवढाच भाग बदलणार. बोल्टची भोकं, भार, सगळं जागच्या जागी. अडचण एकच, डिझायनर त्र्यंबककाका. ड्रॉइंग बोर्डावर हात बसलेला माणूस. बदल म्हटला की नवी फाइल, जुनी रिब पुसायची आणि त्याच जागी नवी काढायची. दिसायला हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती परकी, म्हणून लावलेले भार गळून पडत आणि क्षिप्राची पाटी कोरी. सहा महिन्यांत एकोणीस वेळा. तिने मोजलं होतं.

खुर्ची ओढून ती काकांशेजारी बसली.

“काका, जुनीच फाइल उघडा. पुसायचं नाही, काढायचं नाही. या सहाच्या जागी फक्त साडेचार लिहा.”

“अगं, तू शाळेत जायच्या आधीपासून ब्रॅकेट काढतोय मी.”

“म्हणूनच म्हणते, आता काढू नका.”

काका फुरंगटले, पण आकडा बदलला.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. स्क्रीनवर रिबच्या मुळाशी लालभडक पट्टा, म्हणजे तिथे तुटणार. जोरात ब्रेक लागला तर सीट माणसासकट सुटणार.

“माझी रिब?” काकांनी चष्मा वर केला.

“तुमचीच.”

“सरक. पाच करून बघतो.”

पाच, सव्वापाच, साडेपाच. काका आकडे बदलत गेले, क्षिप्रा निकाल बघत गेली. अडीचच्या आत साडेपाचला लाल रंग गेला.

अनिमेष साहेबांचा चेहरा मात्र उतरला. “वजन कमी करायचा शब्द दिलाय मी कस्टमरला. साडेपाच चालणार नाही. साडेचार पास दाखव आणि सही कर.”

“नाही करणार.”

“मग कोण करणार?”

“त्या सीटवर जो पहिला बसेल, त्याला विचारा.”

“तुझं अप्रेझल माझ्या हातात आहे, क्षिप्रा.”

“असू दे. माझं नाव माझ्या हातात आहे.”

तिने मेल उघडला. साडेचार नापास, साडेपाच पास, दोन्ही चित्रं सोबत. वर कस्टमरच्या इंजिनियरचा पत्ता, कॉपीत अनिमेष.

“पाठवून तर बघ,” साहेब म्हणाले.

“थांब गं,” काका म्हणाले. “डिझाइन माझं आहे. माझंही नाव घाल.”

तिने नाव घातलं, साहेबांच्या डोळ्यांत बघतच बटण दाबलं.

“बघितलं पाठवून, सर.”