दोन खळगे

काळ्या कडक रबराच्या त्या माउथपीसवर, वरच्या अंगाला, दोन खळगे होते. डावा उजव्याहून किंचित खोल, कारण इद्रिसचा डावा दात जरासा पुढे होता. हाजराबीने ते नखाने चाचपले आणि लेकाचा माउथपीस फडक्यात गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवला.

बाहेर ओट्यावर मिश्रीलाल शेठ बसले होते. त्यांच्या मुलाची, गौतमचंदची वरात उद्या तळोद्याला निघायची होती. हाजराबीचा नवरा गफूर पिंजारी आपला सरळ, सोप्रानो सॅक्सोफोन मांडीवर घेऊन समोर बसला होता. मागच्या वरातीत त्याचा माउथपीस दगडावर पडून टोकाला फुटला होता. शेठनी मुंबईहून नवा आणवला, तो वाज्यावर बसेना.

"बसत कसा नही? काळा शे, तोंडमा धराना शे. आखो काय जोयजे?"

"शेठ, हाऊ क्लॅरनेटना शे." गफूरने दोन्ही टोकं समोर धरली. सॅक्सोफोनच्या टोकाला बूच होतं, माउथपीस त्यावर टोपीसारखा चढायचा. नव्याच्या बुडालाही बूचच. "दोन नवरदेव एकच बोहलावर! लगीन कसं लागी?"

शेठ हसले, मग गंभीर झाले. "तू नही वाजाडं तं बँडवाला दुसरा गडी पाही, गफूर. मंग तुले कोण बलाई?" आवाज खाली आणून ते म्हणाले, "घरमा इद्रिसना शे ना."

आत हाजराबीचा हात पेटीवरच राहिला.

बापलेक एकच वाजं वाजवत, पण माउथपीस ज्याचा त्याचा. बँडवाल्यांची रीतच होती तशी. जित्या माणसाचा माउथपीस दुसऱ्याने ओठाला लावायचा नाही. मालक गेला की मगच तो दुसऱ्याकडे जायचा. इद्रिस पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला, तिथे त्याला सगळं सरकारी मिळणार होतं. जाताना त्याने हा आईच्या हातात ठेवला. "मी येस तवलगून सांभाळ, माय."

लढाई संपली. त्याच्याच पलटणीतला धानोऱ्याचा भिला एका पायाने का होईना, ब्रह्मदेशातून परत आला. इद्रिसबद्दल 'बेपत्ता' यापलीकडे काही कळलं नाही. तेव्हापासून नवराबायको त्याविषयी बोललेच नव्हते.

शेठ गेल्यावर गफूरने फुटकं टोक मेणाने बुजवून पाहिलं. फुंकलं की नुसती हवा निसटायची.

"ऱ्हाऊ दे, इद्रिसनी माय. मी कापूस पिंजसू. बापनी पिंजण टांगेल शेच."

असं म्हणून तो भिंतीला टेकला. पण त्याची बोटं चाव्यांवर फिरत राहिली. आवाज नव्हता, तरी बोटांवरून हाजराबीने चाल ओळखली. वरात दारात येते तेव्हाची.

तिने पेटी उघडली. इतके दिवस तिने माउथपीसला पाणी लागू दिलं नव्हतं. आता तांब्या घेऊन तिने तो आतून-बाहेरून धुतला, खळग्यांवरून बोट फिरवलं, पदराने पुसला आणि गफूरपुढे धरला.

त्याने हात मागे घेतला. "नही. तो इद्रिसना शे."

"माले माहीत शे."

"मंग?"

"इद्रिस आते येवाव नही," हाजराबी म्हणाली. "लाव तू."