देवाला न चालणारं पाणी

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत गेल्या दिवाळीनंतर लोकशाही एकदम बळकट झाली. त्याआधी तिथं नळाच्या पाण्याला नुसता गटारीचा वास यायचा. नंतर वास तसाच राहिला, पण त्यावर संवाद सुरू झाला.

वास पहिल्यांदा ओळखला तो तानाबाईनं. गल्लीच्या तोंडाशी विठ्ठलाचं देऊळ, त्याची झाडलोट तिच्याकडं. कीर्तन असलं की खांबाला टेकून सगळ्यांत पुढं तिची जागा, आणि बुवांचा गळा दाटायच्या आधी हिचे डोळे भरलेले. एका पहाटे तिनं देवाच्या स्नानाला तांब्या भरला, नाकाशी नेला आणि तसाच मोरीत ओतला. तेव्हापासून देवाचं पाणी ती पलीकडच्या गल्लीतून, प्रभावतीवहिनींच्या घरून आणायची.

"आमच्या जैनांत पाणी गाळून पितात, तानाबाई," प्रभावतीवहिनी म्हणायच्या. "पण तुमच्या गल्लीतलं गाळायचं म्हटलं तर आधी फडकं फेकावं लागंल."

देवाची सोय झाली. नवऱ्याची होईना. गूळबाजारात हमाली करून थकलेल्या गुंडूला काविळीनं धरलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी बदला. पुन्हा उलटली तर लिव्हर साथ देणार नाही." ताकभातावर महिना काढलेला गुंडू भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, "कोल्हापुरात जन्मून तांबडा रस्सा बंद. ह्याला काय जगणं म्हंत्यात व्हय?" तानाबाई हसायची आणि शेगडीकडं वळून डोळे पुसायची. उकळायला गॅस पुरायचा नाही आणि वहिनींच्या घरून घागरी वाहायला गुडघे.

अशा वेळी एका संस्थेनं ही गल्ली निवडली. कार्यक्रमाचं नाव 'संवादातून सक्षम नागरिक'. राजनंदिनी नावाची मुलगी आली. शिकलेली, गोड, मनानं अगदी निर्मळ. तालमीच्या हॉलमध्ये तिनं खुर्च्या गोल मांडल्या आणि सांगितलं, "इथं कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही." म्हणून पाणीखात्याच्या साहेबांसाठी सोफा तेवढा वेगळा ठेवला होता. त्यावर टर्किशचा टॉवेलही होता.

पिवळ्या चिठ्ठीवर समस्या लिहायची होती. तानाबाईनं लिहिलं, 'पाण्याला गटारीचा वास येतो. मालकांना कावीळ झाली.'

"किती छान मुद्दा मांडलाय आजींनी!" राजनंदिनी म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या काविळीला टाळ्या मिळालेली तानाबाई ही पेठेतली पहिलीच बाई असावी.

दुसऱ्या सभेत कोणतं काम आधी करायचं ते ठरवायचं होतं. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल त्यापुढं त्यानं लाल ठिपका चिकटवायचा. फुटबॉलच्या एका फायनलपासून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन तालमींची पोरं त्या दिवशी गल्लीत सेल्फी पॉइंट हवा म्हणून खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सहकार्य म्हणतात ते हेच. सेल्फी पॉइंटला एकेचाळीस ठिपके पडले, पाण्याला चाळीस. तानाबाईनं कपाळाची टिकली काढून पाण्यापुढं लावली, पण ती नियमात बसत नव्हती. मग सेल्फी पॉइंटवर नाव कुठल्या तालमीचं, यावरून पोरांची पुन्हा जुंपली आणि सभा उत्साहात पार पडली.

तिसऱ्या सभेला साहेब बोलले. पाणी जपून वापरा, नागरिकांची कर्तव्यं ओळखा, पाणी हेच जीवन. तानाबाईनं हात वर केला. "प्रश्न शेवटी घेऊ," साहेब म्हणाले. शेवट आला तेव्हा साहेबांना दुसरा कार्यक्रम होता. जाताना सगळ्यांनी अंगठे वर करून फोटो काढला. तानाबाईचाही अंगठा त्यात आहे. तिला वाटलं, सही लागत असेल.

घरी येऊन ती विचार करत बसली आणि दुसऱ्या दिवशी राजनंदिनीला म्हणाली, "पोरी, तुझ्या सभेतनं माणूस उठून जातंय. कीर्तनातनं न्हाय उठता येत."

"का हो आजी?"

"म्होरं देव, मागं गाव, मधी बुवा. उठून जातोय कुठं? आरती हून, तीर्थ घिऊनच हालायचं."

राजनंदिनीचे डोळे चमकले. "लोककलेतून नागरी प्रबोधन!" दुपारपर्यंत फलकसुद्धा छापून आला. त्यावर साहेबांचा फोटो विठ्ठलापेक्षा बोटभरच मोठा होता.

गुंडूला बेत कळला तसा तो अंथरुणावर उठून बसला. "तानू, आपल्याच नळाचं पाणी दे की तीर्थ म्हणून! चाखू दे त्येला."

"काय बोलताय! तीर्थात कपट करू? जीभ झडंल माझी."

"आन माझं लिव्हर झडलं तर?"

तानाबाई केरसुणी उचलून देवळात गेली. पण तो सगळा दिवस ती तिथं नुसती केरसुणी धरून उभी राहिली. झाडायचं सुचेना.

कीर्तनाला चंदगडकर बुवा आले. एसटीनं, खांद्याला झोळी, आवाज असा की टाळांनी दबून वाजावं. तिन्ही सभांची हकीकत तानाबाईनं त्यांच्या कानावर आधीच घातली होती. संध्याकाळी सहाला साहेबांना बुक्का लावून, हार घालून पुढच्या सतरंजीवर बसवलं. इथं सोफा नव्हता. पूर्वरंग झाला, आणि उत्तररंगाला बुवांनी कालियामर्दन लावलं.

"यमुनेचं पाणी नासलं, मंडळी! गाई पडल्या, गोपाळ पडले. मग गोकुळवाल्यांनी काय केलं? पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या?"

"न्हाय!" गल्ली ओरडली.

"ठिपके मोजले?"

"न्हाय!"

"अंगठे वर करून उभे राहिले?"

गल्ली हसता हसता वाकली. त्यात राजनंदिनीही होती, आणि हसताना तिचे कान लाल झाले होते. साहेबांनी फोन कानाला लावला आणि अर्धवट उठले.

"बसा पावणं," बुवा टाळ थांबवून म्हणाले, "कालिया अजून डोहातच हाय. आत्ता गेलात तर लोक म्हणतील, त्याचाच फोन आलता."

साहेब बसले. सरकारी माणूस इतका वेळ मांडी घालून बसलेला गल्लीनं प्रथमच पाहिला.

आरती झाली. तानाबाई पळी-पंचपात्र घेऊन आली.  साहेबांनी ओंजळ पुढं केली, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. मग तानाबाई पुढं सरकली नाही, तिथंच बसली.

"साहेब, घाबरू नगासा. हे पाणी पलीकडल्या गल्लीतलं हाय, वहिनींच्या घरचं. आमच्या नळाचं देवाला न्हाय चालत." तिनं पदराआडून झाकलेला तांब्या काढला आणि साहेबांपुढं ठेवला. "ह्ये आमचं. ह्यात तुळस घातली न्हाय मी. आता तुमीच सांगा, देवाफुडं ठिवू का नगो? तुमी ठीव म्हटलासा तर ठिवते. मग तीर्थ म्हणून पयली ओंजळ तुमची."

साहेबांनी झाकण काढलं. नाक मुरडलं. लगेच झाकण लावलं.

"न... नको," ते म्हणाले.

"देवाला नगो ना? मग माझ्या मालकास्नी दोन महिनं पाजलंय हो मी. माझ्या हातानं."   दोन्ही तालमींची पोरं आता साहेबांमागं दाटीनं उभी होती. नाव कुणाचं, हे त्या घडीला कुणी विचारलं नाही.

साहेबांनी परत फोन काढला. या खेपेला खरंच नंबर लावला. "उद्या सकाळी माणसं पाठवा. लाइन उघडायची आहे. अर्ज? मी सांगतोय ना. मी देवळात बसलोय, इथून उठता येईना!"

अकराव्या दिवशी नवी पाइपलाइन पडली. जुनी गटारीतून गेली होती, बोटभर भोक घेऊन. संस्थेच्या अहवालात हे 'बहुपक्षीय संवादाचं फलित' म्हणून छापलं गेलं, अंगठेवाल्या फोटोसकट. सेल्फी पॉइंट अजून नावावर अडलाय, आणि तोवर पोरं नव्या नळापुढंच फोटो काढतात.

पाणी तपासून चांगलं आलं तेव्हा तानाबाईनं पहिली घागर देवाला नेली, दुसरी गुंडूला. गुंडू म्हणाला, "देव माझ्या आधी?"

"तुमी त्येच्या आधी नळ बदलला असता तर पयली तुमालाच दिली असती," ती म्हणाली.

एकादशीला तिनं साहेबांना मुद्दाम बोलावलं. ते आले. तिनं ओंजळीत आपल्या नळाचं तीर्थ घातलं. साहेबांनी ओंजळ तोंडाशी नेता नेता थांबवली आणि हळूच एकदा वास घेतला.

तानाबाई पळी हातात धरून, ते पिईपर्यंत थांबली.